शाळा उघडायच्या आधीच पाऊस हजर, पोरांच्या तब्येतीची तयारी काय करताय?

फोंड्याची_आई
नमस्कार मंडळी. यंदा, २०२५ ला, केरळात २४ मेलाच मान्सून आला, २००९ नंतर इतका लवकर आला नव्हता म्हणे, आणि मागोमाग आपल्या गोव्यातही. म्हणजे शाळा जूनच्या पहिल्या आठवड्यात उघडणार आणि त्याआधीच घरभर दोऱ्यांवर ओले कपडे. धाकटी यंदा पहिलीत जाणार, मोठा पाचवीत. दप्तर, वह्या, खाकी कव्हरं, रेनकोट सगळं घेऊन झालं, खरेदीचं नकोच सांगू कुणी. पण दरवर्षी जून-जुलैत आमच्याकडे एकाला ताप की दुसऱ्याला खोकला, तो बरा होतोय तोवर पहिल्याला परत, असं चालू असतं. तर यंदा तब्येतीची तयारी काय करायची ते सांगा. लसी, जंत, डोळे, दात, झोप, डबा, काहीही चालेल. नवरा म्हणतो मी उगाच टेन्शन घेते, पोरं भिजतात, आजारी पडतात, बरी होतात, त्यात काय. त्याला हा धागा दाखवणार आहे, जपून लिहा :)

डिचोलीकर
तुमच्या नवऱ्याला माझा नमस्कार सांगा, माणूस बरोबर आहे.
मस्करी सोडा. आमचा सातवीत गेला, त्याची शाळा ७ एप्रिललाच सुरू झाली होती, सहावी ते दहावी आणि बारावीची लवकर केली यंदा, काय गोंधळ झाला माहितीच आहे, पालक कोर्टात गेले. मग मे महिन्यात सुट्टी आणि त्या सुट्टीत साहेब रात्री बाराला झोपणार आणि सकाळी दहाला उठणार, मोबाईल उशीखाली. आता जूनमध्ये बस सातला येणार म्हणजे सहाला उठायला हवं. सहा ते बारा वर्षांच्या पोराला नऊ ते बारा तास झोप लागते असं डॉक्टर सांगतात, म्हणजे हिशेब करा, नऊला डोळे मिटले पाहिजेत. एका रात्रीत हे होत नाही हो. मी दर दोन-तीन दिवसांनी पंधरा-वीस मिनिटं अलीकडे आणतोय. खरं सांगायचं तर झोपण्यापेक्षा उठण्याची वेळ आधी पकडा, सकाळी लवकर उठवलं की रात्री आपोआप पेंगतो. आणि मोबाईल हॉलमध्ये चार्जिंगला, माझा पण, हे महत्त्वाचं, नाहीतर बापाला प्रवचन करायचा हक्क राहत नाही.

सासष्टीची_सून
आमच्याकडे झोपेचं उलट आहे, पोरगी साडेआठला झोपते आणि सासू-सासरे टीव्ही लावतात दहापर्यंत 😅 ते कसं सोडवायचं कुणी सांगेल का

डिचोलीकर
ते मान्सूनसारखं आहे, थांबवता येत नाही, छत्री घ्यायची.

मडगावची_नर्स
मी आरोग्य केंद्रात आहे, लसींचं मी सांगते.
फोंड्याची आई, तुमच्या दोन्ही मुलांचं वय नेमकं लसीचं आहे आणि याच दोन लसी लोक विसरतात. बाळ असताना कार्ड जपून ठेवतात, दीड वर्षाचा डोस झाला की कार्ड कपाटात जातं आणि मग कुणी बघत नाही. पाच ते सहा वर्षांत डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) दुसरा बूस्टर असतो, सरकारी दवाखान्यात फुकट. धाकटी पहिलीत म्हणजे सहाची असेल किंवा व्हायची असेल, कार्ड काढून बघा. सात वर्षं पूर्ण झाली की डीपीटी देत नाहीत मग, म्हणून लांबवू नका. मोठा पाचवीत म्हणजे दहा वर्षांचा, त्याला टीडी, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्प. पूर्वी टीटी म्हणायचो तीच जागा, आता टीडी आहे. पुढची सोळाव्या वर्षी. बऱ्याच शाळांत आमची टीम येऊनच देते पण त्या दिवशी पोर गैरहजर असलं की राहून जातं ते राहूनच जातं.
प्रायव्हेट डॉक्टरकडे जात असाल तर ते चार ते सहा वर्षांत एमएमआरचा (गोवर, गालगुंड, रुबेला) तिसरा डोसही विचारतील, तो बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या वेळापत्रकात आहे. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते आणि पावसाच्या आधी घेतलेली बरी, नऊ वर्षांखालचं मूल पहिल्यांदाच घेत असेल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस. दमा असलेल्या मुलांना तर मी आवर्जून सांगते.
कार्ड सापडत नसेल तर ज्या केंद्रावर लसी झाल्या तिथे जा, रजिस्टर असतं.

फोंड्याची_आई
बापरे, कार्ड काढलं आत्ताच. दीड वर्षानंतर खरंच काही नाही हो धाकटीचं! मोठ्याचा पाच वर्षांचा झालेला आहे. थँक्यू ताई, नुसत्या यासाठी धागा काढल्याचं सार्थक झालं.

बाई_सत्तरीच्या
मी प्राथमिक शाळेत शिकवते, पहिलीचा वर्ग माझ्याकडे बरीच वर्षं आहे, त्यामुळे थोडं लांबेल, सहन करा.
पालक पहिल्या दिवशी मला सांगतात की बाई, हिला शंभरपर्यंत अंक येतात, एबीसीडी येते, कविता येते. छान आहे. पण मला त्या दिवशी हवं असतं ते वेगळंच. तिला स्वतःची चड्डी खाली-वर करता येते का? भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसता येतं का? हल्ली घरोघरी कमोड, शाळेत नाही, पोर घाबरतं आणि दुपारपर्यंत धरून ठेवतं. मुली तर पाणीच पीत नाहीत, लघवीला जावं लागू नये म्हणून. मग पोटात दुखतं, बद्धकोष्ठ होतं, लघवीला जळजळ होते, ताप येतो आणि घरी वाटतं शाळेतलं पाणी बाधलं. सुट्टीच्या या उरलेल्या दिवसांत एक काम करा, जिथे कुठे बसायचं संडास असेल, मामाच्या घरी, देवळात, तिथे मुद्दाम न्या आणि सवय करा. "बाई, शी आली", हे मोठ्याने सांगायची सवय पण करा. लाजायचं नाही हे घरून शिकलं पाहिजे.
दुसरं डबा. नवा कोरा डबा चार क्लिपांचा, मोठ्या माणसाच्या नखाला उघडत नाही तो सहा वर्षांच्या पोराला कसा उघडणार. माझी मधली सुट्टी डबे उघडण्यात जाते. दुकानातच पोराच्या हातात द्या, उघडला तर घ्या.
तिसरं रेनकोट. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला मोठा हिस्सा जून-जुलैत, आणि पोरांना रेनकोटची चेन लावता येत नाही! बटणांचा घ्या, एक नंबर मोठा घ्या, दप्तरावरून जाईल असा. काढल्यावर कुठे अडकवायचा, उलटा करून कसा झटकायचा, हे घरी दारात उभं राहून शिकवा. वर्गात तीस ओले रेनकोट बाकांवर पडले की दिवसभर सगळे ओल्यात बसतात. आणि दप्तरात एक प्लास्टिकची पिशवी, त्यात कोरडी चड्डी, कोरडे मोजे, एक छोटा टॉवेल. नाव घाला सगळ्यावर. रेनकोट सगळ्यांचे निळे नाहीतर गुलाबी, संध्याकाळी माझ्याकडे एकच राहतो आणि तो कुणाचाच नसतो.
अजून एक, पोराला स्वतःचं पूर्ण नाव, आईबाबांचं नाव आणि एक मोबाईल नंबर पाठ पाहिजे. बालरथातून (शाळेच्या बसमधून) किंवा साध्या बसमधून चुकीच्या जागी उतरलं तर तेच उपयोगी.

कुडचड्याचा_बाप
बाई तुमच्या पोस्टला दंडवत. डब्याचं माझ्या पोरीच्या बाबतीत तंतोतंत. ती डबा न खाता परत आणायची आणि आम्ही म्हणायचो हिला भाजी आवडत नाही, रोज नवीन काय करायचं यावर घरात भांडण, शेवटी कळलं की क्लिप उघडत नाही आणि सांगायला लाज वाटते.

सासष्टीची_सून
डब्याला काय देता तुम्ही सगळे? मी घाटावरची, लग्न होऊन इथे आले, मला पोळी-भाजीच्या पुढे सुचत नाही आणि पावसात दुपारपर्यंत पोळी चामट होते. आणि सकाळी पोटात काय घालता? माझी नुसतं दूध पिऊन पळते, त्यात ती चॉकलेटची पावडर.

आज्जी_पेडण्याची
अगो बाय, सकाळी पेज. उकड्या तांदळाची, गरम, वर मीठ आणि लोणच्याची फोड किंवा सुक्या बांगड्याचा तुकडा. आमची सात भावंडं त्याच्यावर शाळेत गेली चालत. तुझ्या पोरीला पेज नको तर तिझान कर, नाचणीचं पीठ पाण्यात कालवायचं, गूळ, नारळाचा रस, चिमूटभर मीठ, सतत ढवळायचं नाहीतर गुठळ्या. थंड झालं की वड्या पडतात, त्या डब्याला पण चालतात. जून-जुलैत ताजं नुस्तं म्हणजे मासे नाहीत, मासेमारीला बंदी असते, म्हणून तर पुरुमेंत करायचं. अळसांदे, मूग, चवळी, आमसुलं, सगळं मे महिन्यात भरून ठेवायचं. तुमचं ऑनलाईन येतं आता दहा मिनिटांत पण त्याला चव नाही.

मडगावची_नर्स
आज्जी बरोबर सांगतायत. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दुधापेक्षा जास्त. कडधान्याबरोबर लिंबू दिलं की लोह जास्त अंगी लागतं, चहाबरोबर दिलं की कमी. चहा पोरांना देऊच नका खरं तर, पण इथे पाच वर्षांची पोरं पाव-चहावर शाळेत येतात हे मला रोज दिसतं.

गोळीवाला
माझं मेडिकल स्टोअर आहे. मे अखेरीला माझ्या काउंटरवर रांग असते ती टॉनिकची. "शाळा सुरू होतेय, काहीतरी ताकदीचं द्या, बुद्धीचं द्या, भूक लागायचं द्या." माझा धंदा आहे, मी विकतो, पण इथे खरं सांगतो. नीट जेवणाऱ्या पोराला त्याची गरज नाही आणि भूक वाढवायची सिरपं डॉक्टरनी लिहिल्याशिवाय मी देत नाही, त्याने झोप येते पोरांना वर्गात. पावडरींचं म्हणाल तर गेल्या वर्षी एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाईन विकणाऱ्यांना सांगितलं की बोर्नव्हिटासारखी पेयं "हेल्थ ड्रिंक" या यादीतून काढा, कारण कायद्यात तसला प्रकारच नाही. डब्याच्या मागे साखरेचा आकडा वाचा एकदा. याच महिन्यात सीबीएसईने त्यांच्या शाळांना "शुगर बोर्ड" लावायला सांगितलंय, कुठल्या पेयात किती साखर ते पोरांना दिसावं म्हणून. आपल्या गोवा बोर्डाच्या शाळांनी पण लावावा, कोण अडवतंय.

डिचोलीकर
गोळीवाले भाऊ असंच लिहीत राहिलात तर दुकान बंद पडेल तुमचं.

गोळीवाला
नाही पडत हो, उवांच्या औषधावर चालतं जूनमध्ये 😄
तो विषय निघालाच तर, उवा म्हणजे घाणेरडेपणा नाही, डोक्याला डोकं लागलं की येतात, त्यामुळे कुणाच्या आईला लाजवू नका. परमेथ्रिन एक टक्क्याचं लोशन असतं, पाकिटावर लिहिलंय तसं लावायचं, सात ते दहा दिवसांनी परत, कारण लिखा पहिल्या वेळी मरत नाहीत सगळ्या. आणि बारीक दातांच्या फणीने ओल्या केसांतून विंचरणं, हे जास्त महत्त्वाचं. रॉकेल वगैरे लावतात अजून काही लोक, कृपा करून नको, पेट घेतं आणि टाळू जळते.

आज्जी_पेडण्याची
आम्ही सीताफळाच्या बिया वाटून लावायचो.

मडगावची_नर्स
आज्जी ते डोळ्यात गेलं की डोळ्याला मोठी इजा होते, नका सांगू कुणाला 🙏

आज्जी_पेडण्याची
बरं.

फोंड्याची_आई
जंताच्या गोळीचं सांगा ना. सासूबाई म्हणतात शाळा सुरू व्हायच्या आधी द्यायचीच.

मडगावची_नर्स
शाळा-अंगणवाडीत जंतनाशक दिन असतो, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट, एक ते एकोणीस वर्षांच्या सगळ्यांना अल्बेंडाझोल. ४०० मिलिग्रॅमची एक गोळी, चावून खायची, गिळायची नाही, एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, चुरून पाण्यातून. फेब्रुवारीत मिळाली असेल तर आता घरी परत द्यायची गरज नाही, ऑगस्टला मिळेलच. त्या दिवशी गैरहजर राहिला तर मागाहून राहिलेल्यांसाठी एक दिवस ठेवतात, तो विचारून घ्या.
आणि लोहाच्या गोळ्या, आठवड्याला एक. पाचवीपर्यंत गुलाबी, सहावीपासून पुढे निळी. पोरं ती खिडकीतून फेकतात हे मला माहीत आहे. जेवल्यानंतर घ्यायची, रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं, आणि शी काळी होते त्याला घाबरायचं नाही. एवढं घरी समजावून सांगितलं तरी पुष्कळ.
शाळेत वर्षातून आरबीएसकेची, म्हणजे सरकारच्या बाल आरोग्य कार्यक्रमाची, टीम पण येते तपासणीला, डॉक्टर असतात, डोळे, दात, हृदयाचा आवाज, वजन-उंची सगळं बघतात. काही सापडलं तर चिठ्ठी देतात. ती चिठ्ठी दप्तराच्या तळाशी चुरगळून पडते. दप्तर बघत जा.

कुडचड्याचा_बाप
चिठ्ठीवरून आठवलं, आमच्या पोरीचा चष्मा त्या टीमनेच पकडला. आम्हाला वाटायचं टीव्हीजवळ जाऊन बसते म्हणजे हट्टी आहे. शाळेत फळ्यावरचं शेजारणीच्या वहीतून उतरवायची. डोळे एकदा शाळेआधी तपासाच, आणि पोराला "दिसतं का" विचारून उपयोग नाही, त्याला कधी वेगळं दिसलेलंच नसतं ना. रोज दोन तास बाहेर उजेडात खेळलं तर लांबचा नंबर लागायची शक्यता कमी होते असं आमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं. पावसात दोन तास कुठून आणायचे ते नाही सांगितलं. आम्ही रविवारी उघडीप मिळाली की मैदानावर नेतो, चिखल तर चिखल.

बाई_सत्तरीच्या
दातांचं कुणी बोललं नाही. सहाव्या वर्षाच्या आसपास मागे एक नवीन दाढ येते, दुधाच्या दाढांच्या मागे, कुठलाही दात न पडता. पालकांना वाटतं दुधाचीच आहे, किडली तर पडेल आणि नवीन येईल. नाही येत. ती जन्मभराची असते. माझ्या वर्गात दरवर्षी अर्ध्या पोरांची ती दाढ काळी दिसते. रात्री झोपायच्या आधी ब्रश, आईने स्वतः, सात-आठ वर्षांचं होईपर्यंत. फ्लोराईडची पेस्ट वाटाण्याएवढी.

डिचोलीकर
दप्तराचं वजन हा माझा आवडता विषय. केंद्राचं २०२० चं धोरण आहे, पोराच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको. सहावी-सातवीला दोन ते तीन किलो, पहिली-दुसरीला १.६ ते २.२ किलो. मी काटा लावून बघितलं, आमच्या सातवीतल्याचं दप्तर पाण्याच्या बाटलीसकट साडेसहा. अर्धा दोष शाळेचा आहे आणि अर्धा पोराचा, कारण तो वेळापत्रक लावतच नाही, सगळी पुस्तकं कायम आत, मागच्या वर्षीची भूगोलाची वहीसुद्धा सापडली. रात्री दप्तर भरायची सवय लागली की किलोभर तिथेच कमी होतं. दोन्ही पट्टे खांद्यावर, आणि दप्तर कमरेखाली लोंबू द्यायचं नाही.

सासष्टीची_सून
डेंगीचं काय करता? आमच्या वाड्यावर गेल्या वर्षी खूप केसेस होत्या.

गोळीवाला
डेंगीचा डास दिवसा चावतो, म्हणजे शाळेच्या वेळेत. त्यामुळे रात्रीची मच्छरदाणी एकटी पुरत नाही. पोरांना पूर्ण बाह्या आणि लांब मोजे शाळेच्या नियमात बसत असतील तर घाला, उघड्या हातापायांना डास पळवायचं मलम लावून पाठवा. घराभोवती नारळाच्या करवंट्या, टायर, फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा, माडाच्या झावळ्यांत साठलेलं पाणी, आठवड्यातून एकदा सगळं पालथं करा. अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवडा. शाळा महिनाभर बंद होती, तिथल्या टाक्या-ड्रम पण बघायला हवेत, पालक समितीने एक दिवस जावं.
आणि ताप आला की फक्त पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे. आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन नको, डेंगी असेल तर रक्तस्राव वाढतो. मला रोज लोक विचारतात "ते स्ट्राँगवालं द्या". नाही देत.

मडगावची_नर्स
त्यात भर. ताप उतरल्यावर पोर बरं झालं असं वाटतं, डेंगीत तेव्हाच जास्त लक्ष ठेवायचं. पोटात जोराचं दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार, पोर सुस्त, यातलं काहीही दिसलं की थेट हॉस्पिटल, जिल्हा हॉस्पिटल जवळ असेल तर तिथे, नाहीतर बांबोळीचं मेडिकल कॉलेज हॉस्पिटल. साचलेल्या पाण्यातून, शेतातून अनवाणी चालणाऱ्या पोरांना लेप्टो तापाचा धोका, तो उंदराच्या मुतातून येतो, पायाला जखम असेल तर आणखी. पावसाळी चप्पल घालूनच जाऊ दे.

कुडचड्याचा_बाप
बूट-मोज्यांवरून आमच्या शाळेशी दरवर्षी वाद. जूनमध्ये काळे लेदरचे बूट कशाला? एकदा भिजले की तीन दिवस वाळत नाहीत, आतून बुरशी, पोरीच्या बोटांच्या मधे चिखल्या झाल्या होत्या. यंदा आम्ही दहा-बारा पालकांनी मिळून अर्ज दिला की पावसाळाभर रबरी सँडल चालवा. मुख्याध्यापक तयार झाले, इतकं सोपं होतं ते, उगाच इतकी वर्षं आपापसात कुरकुरत बसलो. तुम्ही पण विचारा आपल्या शाळेत.
माझी पोर दम्याची आहे, त्यामुळे अजून एक. बंद कपाटातला युनिफॉर्म शाळेच्या आदल्या दिवशी काढून तसाच घालू नका, मे महिन्यात पण त्याला कुबट वास येतो, धुऊन कडक इस्त्री. आणि इनहेलर व स्पेसर शाळेत ठेवायला एक वेगळा, टीचरना कसा द्यायचा ते दाखवून. आम्ही कागदावर लिहून दिलंय, कधी द्यायचा, किती पफ, कुणाला फोन करायचा.

बाई_सत्तरीच्या
हे फार चांगलं केलंत. कितीतरी पालक सांगतच नाहीत, मुलीला फिट येते, दमा आहे, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, लपवतात. मधल्या सुट्टीत महिला मंडळाकडून पावभाजी येते, त्यातलं कुणाला काय चालत नाही ते मला कसं कळणार. पहिल्याच आठवड्यात सांगा, कुणी हसत नाही.

फोंड्याची_आई
एक वादाचा प्रश्न विचारते. थोडी सर्दी-खोकला असेल तर पाठवायचं की नाही? मोठ्याच्या शाळेत पूर्ण हजेरीला बक्षीस असतं, तो ताप लपवतो त्यासाठी.

डिचोलीकर
पाठवायचं. सर्दीला घरी ठेवलं तर जून ते सप्टेंबर पोर घरीच. आईबाप दोघं नोकरीला, कोण बघणार?

बाई_सत्तरीच्या
डिचोलीकर, सर्दीचं ठीक आहे हो, पण पॅरासिटामॉल पाजून तापातलं पोर पाठवतात लोक. दहा वाजता औषध उतरतं आणि पोर बाकावर डोकं टेकून रडतं, आम्ही फोन करतो, फोन लागत नाही. तोपर्यंत शेजारच्या चारजणांना लागलेलं असतं. २०२३ ला डोळे आले होते तेव्हा आठवा, एकाचे आले आणि शुक्रवारपर्यंत वर्ग रिकामा. आणि ते पूर्ण हजेरीचं बक्षीस, ते मी माझ्या वर्गात बंद करून टाकलं. आजारी पडणं हा काय पोराचा गुन्हा आहे?

डिचोलीकर
बाई, मान्य. पण घरी कोण बघणार हा प्रश्न राहतोच. आज्जी असलेल्या घरांचं नशीब. आम्ही शेजारच्या दोन घरांनी मिळून ठरवलंय, ज्याची सुट्टी असेल त्याने आजारी पोर बघायचं. तेही संसर्गाचं नसेल तरच.

मडगावची_नर्स
साधा नियम सांगते. औषधाशिवाय चोवीस तास ताप नाही, मग शाळा. उलट्या-जुलाब थांबून दोन दिवस. हातापायाला आणि तोंडात पुरळ येतो तो, हँड फूट माउथ, ताप जाऊन फोड सुकेपर्यंत घरी. कांजिण्या, सगळ्या खपल्या धरेपर्यंत. नुसतं नाक गळतंय आणि पोर खेळतंय तर पाठवा, रुमाल द्या, कोपरात खोकायला शिकवा.
जुलाबासाठी घरात ओआरएसची पाकिटं ठेवा, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण पाकीट, अर्ध्या पेल्यात नाही. नसेल तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, चहाचा चमचा. पहिल्या पावसात नळाला गढूळ पाणी येतं सगळीकडे, उकळूनच बाटलीत भरा, आणि बाटलीचं झाकण रोज ब्रशने घासा, त्या रबराच्या रिंगखाली जे काळं साठतं ते एकदा काढून बघा.

सासष्टीची_सून
बघितलं. बघायला नको होतं 🤢

आज्जी_पेडण्याची
म्हणून स्टीलची बाटली, साध्या झाकणाची.

कुडचड्याचा_बाप
आणि रेड अलर्टला शाळेला सुट्टी जाहीर होते ना, गेल्या जुलैत झाली होती तशी, त्याचा मेसेज कुठे येतो ते आधी विचारून ठेवा. आम्ही बसस्टॉपवर भिजत उभे होतो.

फोंड्याची_आई
नवऱ्याने धागा वाचला पूर्ण. म्हणाला डिचोलीकर सोडून सगळे शहाणे आहेत.

डिचोलीकर
कृतघ्न माणूस.

फोंड्याची_आई
नर्सताई, शेवटचं एक. धाकटीची डीपीटी शाळा सुरू झाल्यावर एखाद्या शनिवारी घेतली तर चालेल का, की आत्ताच? कारण लहानपणी तिला इंजेक्शननंतर ताप यायचा.

मडगावची_नर्स
आत्ताच घ्या. ताप आला तर एक-दोन दिवस येतो, हात दुखतो, ते सगळं सुट्टीतच होऊन जाऊ दे, पहिल्या आठवड्यात हात दुखत असताना दप्तर उचलायला लावू नका. तुमच्या केंद्रात लसीकरणाचा ठरलेला वार असतो, केंद्रात फोन करून विचारा, बाळांची गर्दी असते म्हणून सकाळी लवकर जा आणि जाताना पोट भरून न्या. कार्ड विसरू नका. मोठ्यालाही बरोबर घ्या, टीडी तिथेच होईल.

फोंड्याची_आई
मोठ्याला आत्ता नाही सांगत, गाडीत बसल्यावर सांगते 😁

बाई_सत्तरीच्या
नका हो तसं करू, आदल्या रात्री सांगा. फसवलं की पुढच्या वेळी शाळेतून पण पळतो टीम आली की.